लोडरचे काम आणि ट्रॅक्टरचे ट्रान्समिशन : एक तुलनात्मक परिचय

प्रास्ताविक

ट्रॅक्टर खरेदीचा विषय निघाला की पहिला प्रश्न विचारला जातो तो 'किती एचपीचा?' हा. शेतकरी हाच प्रश्न विचारतो आणि एखाद्या संस्थेची खरेदी समितीही हाच विचारते. नांगरटीपुरता हा प्रश्न योग्य आहे. परंतु ट्रॅक्टरच्या पुढील बाजूस लोडर बसवून शेणखत भरणे, मुरूम पसरणे, आवारातील राडारोडा उचलणे, गवत कापणे, खड्डे बुजवणे अशी किरकोळ पण रोजची कामे करावयाची असतील, तर केवळ अश्वशक्तीवरून निर्णय घेता येत नाही. अशा कामात इंजिनची ताकद बहुधा पुरते. आधी थकतो तो क्लच, आणि त्याबरोबर चालकाचा डावा पाय.

ज्या महाविद्यालयांत कृषियंत्रे किंवा वाहनदुरुस्ती यांसारखे व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम चालतात, तेथील अध्यापकांपुढे हा विषय दोन प्रकारे येतो. विद्यार्थ्यांना तो शिकवावा लागतो आणि प्रसंगी संस्थेसाठी यंत्र निवडताना सल्लाही द्यावा लागतो. प्रस्तुत लेखात लोडरच्या कामाचे स्वरूप, ट्रान्समिशनचे प्रमुख प्रकार, त्यांचे गुणदोष आणि निवडीची कसोटी यांचा क्रमाने विचार केला आहे.

१. कामाचे स्वरूप : दिशाबदलाचा हिशेब

नांगरट किंवा कुळवणी आणि लोडरचे काम यांतील फरक एका साध्या हिशेबाने स्पष्ट होतो. ४० गुंठ्यांचे, म्हणजे एक एकराचे शेत सुमारे १०० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद आहे असे धरू. दोन मीटर रुंदीचे अवजार लावल्यास ट्रॅक्टरला साधारण २० फेऱ्या माराव्या लागतील. म्हणजे एकरभर कामात वीसेक वेळा वळावे लागेल, आणि त्यातही मागे येण्याची गरज क्वचितच पडेल. एकदा गिअर टाकला की शंभर मीटरपर्यंत क्लचला हात लावावा लागत नाही. खरे तर पाय लावावा लागत नाही.

आता लोडरचा हिशेब पाहू. ट्रॉलीत तीन घनमीटर खत मावते आणि बकेटमध्ये एका वेळी ०.३ घनमीटर येते असे मानले, तर ट्रॉली भरण्यास १० खेपा होतील. प्रत्येक खेपेत चार हालचाली असतात : ढिगात शिरणे, मागे येणे, ट्रॉलीकडे जाणे आणि पुन्हा मागे येणे. म्हणजे एका खेपेत चार वेळा दिशा बदलते. एका ट्रॉलीस ४० दिशाबदल झाले, आणि दिवसभरात पाच ट्रॉल्या भरल्या तर २०० झाले. साध्या ट्रॅक्टरवर यांतील प्रत्येक बदलासाठी क्लच दाबणे, दांडा हलवणे आणि क्लच हळूहळू सोडणे या तीन क्रिया कराव्या लागतात. शिवाय ट्रॉलीच्या फळीजवळ इंचाइंचाने सरकताना चालक 'हाफ क्लच'वर गाडी धरतो, ते वेगळेच.

यावरून लोडरच्या कामात ट्रान्समिशनची खरी परीक्षा ओढण्यात नसून दिशा बदलण्यात आहे, हे लक्षात येते. पुढील सर्व तुलना याच कसोटीवर केली आहे.

२. ट्रान्समिशन काय करते?

डिझेल इंजिनला दोन मर्यादा असतात. ठरावीक फेऱ्यांपेक्षा कमी वेगाने ते चालू शकत नाही, बंद पडते; आणि ते एकाच दिशेने फिरते. चाकांना मात्र शून्यापासून सुरुवात करावयाची असते आणि उलटेही फिरावयाचे असते. इंजिन आणि चाके यांच्यातील ही विसंगती दूर करणे हे ट्रान्समिशनचे कार्य होय. ते तीन कामे करते : शक्ती जोडणे व तोडणे, वेग आणि ओढ यांचे प्रमाण बदलणे, आणि दिशा उलटवणे.

ट्रान्समिशनच्या प्रकारांतील मुख्य भेद पहिल्या आणि तिसऱ्या कामात आहे. हे जोडणे-तोडणे कोरड्या प्लेटवर होते, तेलात बुडालेल्या प्लेटांवर होते, की थेट तेलाच्या दाबाने होते, हे समजले की अर्धा विषय समजला असे म्हणता येईल.

३. प्रमुख प्रकार

(अ) साधा गिअरबॉक्स. स्लायडिंग मेश रचनेत दाते पाडलेली चक्रे शाफ्टवर सरकवून एकमेकांत गुंतवली जातात. कॉन्स्टंट मेश रचनेत चक्रे कायम एकमेकांत गुंतलेली राहतात आणि सरकणारी बाही त्यांपैकी हवे ते चक्र शाफ्टला जोडते. दुसऱ्या रचनेत आवाज व झीज कमी. मात्र पुढून मागे जाताना दोन्हींतही क्लच दाबून ट्रॅक्टर पूर्ण थांबवावा लागतो. तसे न केल्यास दात करकरतात. ही यंत्रणा स्वस्त व मजबूत असून शक्तीचा अपव्यय तिच्यात सर्वांत कमी होतो. गावातल्या मिस्त्रीलाही तिची चांगली ओळख असते.

(आ) सिंक्रो शटल. यात स्टिअरिंगजवळ पुढे-मागे करण्यासाठी स्वतंत्र दांडा असतो. बाहीसोबत पितळी किंवा तत्सम धातूची शंकूच्या आकाराची कडी बसवलेली असते. ती आधी घर्षणाने दोन्ही भागांचा वेग सारखा करते आणि नंतरच ते भाग गुंततात. त्यामुळे दात करकरत नाहीत आणि मुख्य गिअर न बदलता दिशा उलटवता येते. क्लच मात्र प्रत्येक वेळी दाबावा लागतोच. म्हणजे हाताचे काम हलके होते, पायाचे होत नाही.

(इ) पॉवर शटल. यात पुढच्या आणि मागच्या दिशेसाठी तेलात बुडालेल्या अनेक पातळ प्लेटांचे दोन वेगळे क्लच असतात. दांडा हलवला की झडपेतून दाबाचे तेल एका क्लचमधून दुसऱ्याकडे जाते. पेडल दाबण्याची गरज उरत नाही. घर्षणाची उष्णता फिरते तेल वाहून नेते, म्हणून कोरड्या प्लेटपेक्षा हे क्लच वारंवार होणारे दिशाबदल कितीतरी चांगले सोसतात. मुख्य शक्ती गिअरांमधूनच जात असल्याने ट्रॉली ओढण्यात किंवा नांगरटीतही फारसे नुकसान होत नाही.

(ई) हायड्रोस्टॅटिक. यात इंजिन एक पिस्टन पंप फिरवते. त्या पंपात तिरपी होऊ शकणारी तबकडी असते. तबकडी सरळ असताना पिस्टन हलत नाहीत आणि तेल वाहत नाही. ती एका बाजूस कलली की तेल एका दिशेने, दुसऱ्या बाजूस कलली की उलट दिशेने वाहते. ते तेल हायड्रॉलिक मोटर फिरवते आणि मोटर चाकांना गती देते. चालकाने पायाखालचे पेडल एका बाजूस दाबले की ट्रॅक्टर पुढे जातो, दुसऱ्या बाजूस दाबले की मागे येतो. काही रचनांत त्यासाठी दोन स्वतंत्र पेडले असतात. वेग शून्यापासून हवा तितका, कोणताही टप्पा न घेता मिळतो. इंजिनच्या फेऱ्या मात्र तशाच राहतात. म्हणून ट्रॅक्टर गोगलगाईच्या गतीने सरकत असतानाही लोडरच्या पंपाला किंवा गवत कापण्याच्या यंत्राला पूर्ण फेऱ्या मिळतात. बहुतेक यंत्रांत याच्या मागे दोन किंवा तीन टप्प्यांचा साधा गिअरबॉक्सही जोडलेला असतो.

(उ) अन्य रचना. बॅकहो लोडरमध्ये, म्हणजे लोकभाषेतल्या 'जेसीबी'त, इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये बहुधा टॉर्क कन्व्हर्टर असतो. मोठ्या ट्रॅक्टरांत गिअर आणि हायड्रोस्टॅटिक यांचा संयोग करून टप्पेविरहित ट्रान्समिशन बनवले जाते. त्याची किंमत पाहता लहान आवाराच्या कामासाठी त्याचा विचार क्वचितच होतो.

४. विकासाची पार्श्वभूमी

हे प्रकार एकापाठोपाठ का आले हे पाहिल्यास काम आणि यंत्र यांचे नाते कळते. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९५४ साली चालत्या ट्रॅक्टरची ओढ क्लच न दाबता वाढवणारी यंत्रणा दिली. फोर्डने १९५९ साली क्लचविना बदलता येणारे दहा गिअर आणले. १९६७ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरनेच ६५६ या ट्रॅक्टरवर हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन दिले. जर्मनीच्या फेन्टने १९९५ साली गिअर व हायड्रोस्टॅटिक यांचा संयोग असलेली 'व्हॅरिओ' रचना सादर केली.

हायड्रोस्टॅटिकचा खरा प्रसार मात्र लहान ट्रॅक्टरांत झाला. जपानी कुबोटा कंपनीने १९७२ साली अमेरिकेत आपली स्वतंत्र कंपनी स्थापन केली. तेथे शहराबाहेर काही एकरांचे आवार असलेले, घोडे पाळणारे, हिवाळ्यात स्वतःचा रस्ता बर्फातून मोकळा करणारे असंख्य घरमालक होते. त्यांना नांगरायचे नव्हते. उचलायचे, ढकलायचे आणि कापायचे होते. ट्रॅक्टर चालवणे हा त्यांचा व्यवसायही नव्हता. या वर्गाला क्लच नसलेला ट्रॅक्टर सोयीचा वाटला.

भारतात १९६३ साली महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्यात ट्रॅक्टरनिर्मितीसाठी सहकार्य सुरू झाले. त्याच हार्वेस्टरने चार वर्षांनी तिकडे हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर आणला. इकडे मात्र गिअरचाच ट्रॅक्टर रुजला. याला मागासलेपण म्हणता येणार नाही. आपल्याकडे ट्रॅक्टरचे आयुष्य नांगरटीत आणि उसाची, वाळूची, विटांची ट्रॉली ओढण्यात जाते. अशा सलग ओढीच्या कामाला गिअरच योग्य. हायड्रोस्टॅटिक यंत्रणा आपल्याकडे भात रोवणीची यंत्रे आणि कापणी-मळणीचे हार्वेस्टर यांत दिसते, कारण तेथे वेग सतत कमीजास्त करावा लागतो.

५. क्लचवर पडणारा भार

दिशाबदलाचा क्लचवर किती भार पडतो हे शालेय पदार्थविज्ञानाच्या सूत्रावरून काढता येते. लोडर व भरलेल्या बकेटसह ट्रॅक्टरचे वजन २,५०० किलो आणि वेग ताशी ५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १.३९ मीटर धरू. वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणले की गतिज ऊर्जा सुमारे २,४०० ज्यूल येते. ट्रॅक्टर ब्रेकने पूर्ण थांबवून मग उलट दिशेला नेला, तर क्लचमध्ये साधारण इतकीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्च होते. परंतु तो पुढे जात असतानाच उलटा दांडा टाकून क्लच सोडला, तर क्लचच्या दोन बाजूंमधील वेगाचा फरक दुप्पट होतो आणि उष्णता चौपट, म्हणजे सुमारे ९,६०० ज्यूल होते. इंजिनच्या फेऱ्या स्थिर आहेत असे धरून केलेला हा ढोबळ हिशेब आहे.

एका ट्रॉलीच्या ४० दिशाबदलांत ही चौपट उष्णता सुमारे ३,८४,००० ज्यूल होते. २५ अंश तापमानाचे एक लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्यास सुमारे ३,१४,००० ज्यूल लागतात. म्हणजे घाईने भरलेल्या प्रत्येक ट्रॉलीमागे क्लच एक लिटरहून अधिक पाणी उकळेल इतकी उष्णता पोटात घेतो. पॉवर शटलमध्ये ती तेलात जाते. कोरड्या क्लचमध्ये ती प्लेट, प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील यांनाच सोसावी लागते.

यातून दोन व्यावहारिक नियम निघतात. पहिला, दिशा बदलण्यापूर्वी ब्रेकने थांबावे. त्यामुळे क्लचवरील भार एक चतुर्थांश होतो. दुसरा, लोडरचे काम कमी वेगाच्या गिअरमध्ये करावे. वेग निम्मा केला की उष्णता पुन्हा एक चतुर्थांशावर येते. ज्यांच्याकडे साधाच ट्रॅक्टर आहे त्यांना नवे यंत्र न घेताही हे दोन नियम पाळता येतात.

६. कार्यक्षमता, खर्च आणि देखभाल

हायड्रोस्टॅटिकची सोय फुकट मिळत नाही. गिअरमधून शक्तीचा ९० टक्क्यांहून अधिक भाग पुढे जातो. तेलातून जाताना अनुकूल स्थितीतही तो साधारण ८० ते ८५ टक्के असतो. उरलेली शक्ती उष्णता बनते. म्हणून एकाच इंजिनाच्या लहान ट्रॅक्टरात हायड्रोस्टॅटिक नमुन्याची पीटीओवर मिळणारी शक्ती गिअरच्या नमुन्यापेक्षा साधारण एक-दोन अश्वशक्तीने कमी आढळते. थांबत-थांबत होणाऱ्या लोडरच्या कामात हे जाणवत नाही. भरलेली ट्रॉली दहा किलोमीटर ओढताना मात्र जाणवते.

देखभालीचे गणितही वेगवेगळे आहे. कोरडी क्लच प्लेट तुलनेने स्वस्त असते, पण ती बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधोमध खोलून दोन भाग करावा लागतो. त्यात मजुरी आणि दिवस जातात. पॉवर शटल व हायड्रोस्टॅटिक यांचे आयुष्य तेलावर अवलंबून असते. उत्पादकाने सांगितलेलेच तेल आणि वेळेवर बदललेला फिल्टर एवढी काळजी घेतली तर ती दीर्घकाळ टिकतात. धुळीचे कण पिस्टनपर्यंत पोचले तर मात्र दुरुस्ती महाग पडते आणि स्वच्छ कार्यशाळेखेरीज ती करताही येत नाही. आणखी एक गोष्ट अशी की, बॅटरी उतरलेला साधा ट्रॅक्टर उतारावरून ढकलून चालू करण्याची आपल्याकडे सवय आहे. हायड्रोस्टॅटिक आणि पॉवर शटल ट्रॅक्टर तसे चालू होत नाहीत, कारण इंजिन बंद असताना त्यांत तेलाचा दाबच नसतो.

जुना ट्रॅक्टर घेताना हायड्रॉलिक पंप कोठून चालतो हेही पाहिले पाहिजे. काही जुन्या रचनांत तो पीटीओच्या शाफ्टवरून चालतो. त्यात क्लच एकेरी असेल तर क्लच दाबताच पंप थांबतो आणि लोडरचे बकेट अर्ध्यावर अडकते. अशा ट्रॅक्टरला दुहेरी क्लच किंवा इंजिनवरून थेट चालणारा पंप असल्याखेरीज लोडरचे काम सुरळीत होत नाही.

७. सुरक्षितता

भरलेले बकेट पुढे असताना ट्रॅक्टरचा तोल पुढच्या चाकांवर जातो आणि मागची चाके हलकी होतात. बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांवरच असतात. म्हणजे जेव्हा ब्रेकची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच त्यांची पकड सर्वांत कमी असते. म्हणून मागे वजन लावणे, दोन्ही ब्रेक पेडले एकमेकांना जोडून ठेवणे, चारही चाकांना गती देण्याची सोय असल्यास ती जोडून ठेवणे आणि बकेट जमिनीलगत ठेवून चालणे आवश्यक आहे. उतारावर भरलेले बकेट नेहमी चढाच्या बाजूला राहील अशा रीतीने चालावे.

ट्रान्समिशनच्या प्रकारानुसार धोकेही वेगळे आहेत. गिअरच्या ट्रॅक्टरवर उतारावर घाबरून क्लच दाबला की इंजिनची पकड सुटते आणि ट्रॅक्टर मोकळा धावतो. शटलचा दांडा मधल्या जागी आणला तरी तेच होते. हायड्रोस्टॅटिकमध्ये पेडल सोडताच ट्रॅक्टर मंदावतो, ही नवशिक्यासाठी मोठी जमेची बाजू आहे. पण मागचा गिअर न्यूट्रलमध्ये असेल तर तोही मोकळा होतो, आणि उभा करताना हँडब्रेक त्यालाही लागतोच.

८. निवडीची कसोटी

वरील विवेचनावरून निवडीसाठी तीन प्रश्न पुरेसे ठरतात. ट्रॅक्टरच्या एकूण कामापैकी दिशा बदलण्याचे काम किती? तो चालवणार कोण? आणि दुरुस्तीची सोय किती अंतरावर आहे?

वर्षभर शेती व ट्रॉली आणि हंगामात पाच-दहा दिवस लोडर, असे स्वरूप असेल तर साधा कॉन्स्टंट मेश किंवा सिंक्रो शटल पुरेसा आहे. त्यावर जास्त पैसे घालण्यापेक्षा चालकाला थांबून दिशा बदलण्याची सवय लावणे अधिक फायद्याचे. गोठा, वीटभट्टी किंवा खताचा व्यवसाय असून लोडर रोज चालतो आणि रस्त्यावरची ओढही आहे, तेथे पॉवर शटल हा समतोल पर्याय होय. आवाराची निगा, गवत कापणे, बागेतील माती-खत हलवणे अशीच कामे असतील, चालक वारंवार बदलत असतील आणि अधिकृत सेवाकेंद्र जवळ असेल, तर हायड्रोस्टॅटिकचा विचार जरूर करावा. सेवाकेंद्र दूर असेल तर तो मोह आवरणे बरे.

९. अध्यापनाच्या दृष्टीने

हा विषय शिकवताना भाषेची अडचण येते. पाठ्यपुस्तकात 'शक्तिसंक्रमण' आणि 'दंतचक्र' असते, गॅरेजमध्ये 'गिअर' असतो आणि उर्दू-हिंदी बोलणारा कारागीर 'गरारी' म्हणतो. सीमाभागातील किंवा हैदराबादसारख्या शहरातील वर्गात ही तिन्ही बोलणारे विद्यार्थी एकाच बाकावर असू शकतात. अशा वेळी सुट्टा भाग हातात देऊन तिन्ही शब्द फळ्यावर लिहिणे उपयुक्त ठरते. वस्तू एकच आहे हे एकदा पटले की शब्दांचा गोंधळ राहत नाही.

एक संकल्पना मात्र मुद्दाम वेळ देऊन शिकवावी लागते. ढिगात शिरताना ट्रॅक्टर अडला की नवशिका चालक हायड्रोस्टॅटिकचे पेडल आणखी दाबतो, आणि इंजिन बंद पडते. मोटारीच्या अॅक्सिलरेटरची सवय येथे आडवी येते. हे पेडल ताकद मागत नाही, वेग मागते. ते थोडे सोडले की तबकडी सरळ होत जाते, प्रत्येक फेरीला कमी तेल ढकलले जाते आणि इंजिनच्या त्याच जोरावर जास्त दाब निर्माण होतो. म्हणजे पाय उचलल्याने ओढ वाढते. सायकलवर चढ लागल्यावर हलका गिअर टाकतात त्यातलाच हा प्रकार, असे सांगितले की विद्यार्थ्यांना चटकन उमगते.

समारोप

कोणतेही ट्रान्समिशन सर्व कामांसाठी श्रेष्ठ नसते. गिअर ओढण्यात, पॉवर शटल मिश्र कामात आणि हायड्रोस्टॅटिक नाजूक व वारंवार दिशाबदलाच्या कामात सरस ठरते. खरेदीपूर्वी संस्थेने किंवा शेतकऱ्याने एक दिवस कामाच्या जागी उभे राहून दिशाबदल मोजावेत. त्या आकड्यावरून अश्वशक्तीच्या चर्चेपेक्षा अधिक स्पष्ट उत्तर मिळेल. विद्यार्थ्यांकडूनही ही मोजणी करून घेतली, तर हिशेब, पदार्थविज्ञान आणि यंत्रज्ञान हे तीन विषय एकाच प्रात्यक्षिकात शिकवून होतील आणि संस्थेचा पैसा योग्य यंत्रावर खर्च होईल.